व्हिडिओचे वॉर्पिंग आणि मॉर्फिंग: कमी खर्चात काय काय जमते

दोन चेहऱ्यांचे दोन व्हिडिओ एकापाठोपाठ ठेवून त्यांच्यामध्ये एका सेकंदाचे डिझॉल्व्ह, म्हणजे एक चित्र विरत दुसरे उमटवणारा बदल, लावले आणि बरोबर मधल्या फ्रेमवर थांबून पाहिले, तर पडद्यावर चार भुवया, दोन नाके आणि एकमेकींवर सांडलेल्या दोन जिवण्या दिसतात. पहिला चेहरा विरत जातो आणि दुसरा उमटत येतो, पण पहिल्याचाच दुसरा झाला असे डोळ्यांना कधी वाटत नाही. मॉर्फिंगमध्ये त्याच मधल्या फ्रेमवर दोनच भुवया असतात आणि त्या दोघांपैकी कोणाच्याच नसतात. त्या दोन्ही चेहऱ्यांच्या मधल्या, प्रत्यक्षात कुठेच नसलेल्या तिसऱ्या चेहऱ्याच्या असतात. हा फरक नीट लक्षात आला की सॉफ्टवेअर कोणते घ्यावे हा प्रश्न निम्मा सुटतो, कारण बाजारात ‘मॉर्फ’ या नावाने जे मिळते त्यातले बरेचसे नुसते डिझॉल्व्ह असते आणि जे खरोखर मॉर्फिंग करते त्यावर पुष्कळदा ते नाव लिहिलेलेही नसते.

वॉर्पिंग म्हणजे प्रतिमेतील पिक्सेल त्यांच्या जागेवरून हलवणे. रंग तोच राहतो, जागा बदलते. फुग्यावर काढलेले चित्र फुगा एका बाजूने दाबल्यावर जसे ताणले जाते आणि दुसरीकडे आकसते, तसाच हा प्रकार आहे. संगणक मात्र हे काम उलट्या दिशेने करतो. तो जुना पिक्सेल उचलून नव्या जागी ठेवत नाही, कारण तसे केले तर ताणलेल्या भागात मध्ये मध्ये रिकामी भोके पडतात. त्याऐवजी नव्या प्रतिमेतील प्रत्येक जागेपाशी जाऊन, या ठिकाणी जुन्या प्रतिमेतला कोणता बिंदू यायला हवा, याचे उत्तर तो काढतो. हे उत्तर बहुतेक वेळा पिक्सेलांच्या अधेमधे कुठेतरी पडते, त्यामुळे आजूबाजूच्या चार किंवा सोळा पिक्सेलांचे रंग ठरावीक प्रमाणात मिसळून नवा रंग ठरवावा लागतो. या मिसळण्यामुळे प्रत्येक वॉर्पमागे चित्र किंचित मऊ पडते. एकाच क्लिपवर एकामागून एक तीन-चार वॉर्प चढवले की डोळ्यांच्या पापण्या आणि केसांच्या कडा पुसट का होतात, याचे कारण इथे आहे, आणि सॉफ्टवेअर कितीही महाग घेतले तरी ते टळत नाही.

कोणता भाग किती हलवायचा हे संगणकाला सांगण्याच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत आणि सॉफ्टवेअरची जात त्यावरूनच ठरते. सर्वांत साधी पद्धत चार कोपऱ्यांची, म्हणजे कॉर्नर पिनची. व्हिडिओतील फोनच्या पडद्यावर किंवा भिंतीवरच्या फलकावर दुसरे चित्र बसवायचे असेल तर एवढी पुरते, आणि ती जवळपास प्रत्येक मोफत व्हिडिओ संपादकात असते. दुसरी पद्धत जाळीची: चित्रावर उभ्या-आडव्या रेषांची ग्रिड टाकायची आणि तिच्या गाठी ओढायच्या. तिसरी स्प्लाइनची, म्हणजे डोळा, ओठ, हनुवटी यांच्या कडेने वक्ररेषा काढायच्या आणि त्या कुठे जायला हव्यात हे दुसऱ्या वक्ररेषांनी दाखवायचे. चेहऱ्यासाठी माझ्या मते ही तिसरी पद्धत सर्वांत सोयीची आहे, कारण ग्रिडच्या गाठी आपल्याला हव्या तिथे नसतात आणि स्प्लाइन मात्र नेमकी ओठाच्या कडेवरच काढता येते.

रेषांच्या साहाय्याने मॉर्फिंग करण्याची रीत थॅडियस बायर आणि शॉन नीली यांनी १९९२ साली सिग्राफ या संगणक-ग्राफिक्सच्या परिषदेत मांडली. दोन्ही चित्रांवर जोडीजोडीने रेषा काढायच्या आणि प्रत्येक पिक्सेलवर सर्व रेषांचा प्रभाव, जवळच्या रेषेचा जास्त आणि लांबच्या रेषेचा कमी, अशा हिशेबाने मोजायचा, हे तिचे सार आहे. त्याआधी ग्रिडची रीत वापरात होती. बायर आणि नीली यांच्या रीतीतला दोषही तेव्हापासून माहीत आहे: लांबच्या रेषांचे प्रभाव एकत्र येऊन, जिथे काहीच नको तिथे कानाचा किंवा डोळ्याचा एखादा तुकडा भुतासारखा उगवतो, आणि तो घालवण्यासाठी आणखी रेषा काढत बसावे लागते. आजही कुठल्याही मॉर्फमध्ये गालावर असा तुकडा दिसला, तर आधी आसपासच्या नियंत्रण रेषा तपासाव्यात.

आता मॉर्फिंगकडे येऊ. मॉर्फ म्हणजे दोन वॉर्प आणि एक डिझॉल्व्ह, याहून अधिक काही नाही. पहिल्या क्लिपला दुसरीच्या आकाराकडे हळूहळू वाकवायचे. दुसरी क्लिप पहिलीच्या आकारात वाकवून सुरू करायची आणि तिला तिच्या मूळ आकाराकडे सैल सोडायचे. आणि दोन्हींचे आकार प्रत्येक क्षणी तंतोतंत सारखे असताना एकीचे रंग विरवून दुसरीचे आणायचे. ज्या सॉफ्टवेअरमध्ये कीफ्रेम, म्हणजे ठरावीक फ्रेमवर नोंदवलेली स्थिती, लावता येणारा चांगला वॉर्प आहे आणि दोन थर एकमेकांत विरवता येतात, त्यात मॉर्फिंग करता येते, मग त्याच्या मेनूत मॉर्फ हा शब्द असो वा नसो. स्वस्त सॉफ्टवेअर शोधणाऱ्याने हे एवढे एक वाक्य पक्के धरून ठेवले तरी त्याचा पुष्कळ पैसा वाचेल.

व्हिडिओत खर्च नेमका कशाचा असतो

दोन स्थिर छायाचित्रांचे मॉर्फ करणे हे एका बैठकीचे काम आहे. दोन्हींवर चाळीस-पन्नास जुळणारे बिंदू ठेवले की उरलेले संगणक करतो. व्हिडिओत मात्र माणूस मान वळवतो, बोलतो, पापणी मिटतो, आणि प्रत्येक बिंदूला त्याच्या मागे जावे लागते. याचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे. समजा सेकंदाला २४ फ्रेम असलेली ४ सेकंदांची क्लिप आहे. म्हणजे ९६ फ्रेम झाल्या. चेहऱ्यावर ४० बिंदू ठेवले आणि दर ८ फ्रेमनंतर ते हाताने जागेवर आणले, तर सुरुवातीचा आणि शेवटचा धरून १३ कीफ्रेम होतात. एका क्लिपमध्ये ५२० आणि दोन क्लिपांत मिळून १,०४० वेळा बिंदू पकडून जागी ठेवावा लागतो. पापणी मिटण्याची हालचाल आठ फ्रेमांच्या आतच संपत असल्याने तिथे आणखी कीफ्रेम लागतात ते वेगळेच.

म्हणून व्हिडिओ मॉर्फिंगचे सॉफ्टवेअर पारखताना वॉर्पची गुणवत्ता ही दुसरी गोष्ट आहे. बिंदू आपोआप मागोवा घेत हलतात की नाही, म्हणजे ट्रॅकिंग किती चांगले आहे, ही पहिली. महाग साधनांमध्ये आपण बहुतांशी याच श्रमबचतीची किंमत मोजत असतो. वर्षातून एखादेच मॉर्फ करायचे असेल तर ही बचत विकत घेण्याची गरज नाही. महिन्याला वीस करायचे असतील तर ती न घेणे महागात पडते.

हे श्रम कमी करण्याची एक युक्ती मात्र कोणत्याही साधनात चालते, आणि ती मी सर्वांना आवर्जून सांगतो. मॉर्फला हात लावण्यापूर्वी दोन्ही क्लिप डोळ्यांच्या आधाराने स्थिर करून घ्याव्यात. दोन्ही डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांवर एकेक ट्रॅकर ठेवला की चेहऱ्याची सरक, झुकाव आणि लहानमोठे होणे हे तिन्ही मोजता येते, आणि ते उलटे लावले की चेहरा पडद्याच्या मधोमध जवळपास खिळून राहतो. बाहेरच्या कोपऱ्यांपेक्षा आतले बरे, कारण पापणी मिटली तरी ते फारसे हलत नाहीत. चेहरा खिळला की बिंदूंना फक्त ओठ, पापण्या आणि हनुवटी यांच्याच मागे जावे लागते आणि वरचा हजाराचा आकडा बराच खाली येतो. मॉर्फ पूर्ण झाल्यावर मूळ हालचाल पुन्हा लावायची. यात प्रतिमा एकाऐवजी तीनदा मिसळली जाते आणि थोडी मऊ पडते, म्हणून मूळ चित्रण अंतिम आकारापेक्षा मोठे असेल तर ते त्याच मोठ्या आकारात हाताळावे आणि शेवटी लहान करावे.

मोफत मिळणारी भक्कम साधने

सुरुवात करणाऱ्याला मी दाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ संपादकाची मोफत आवृत्ती सुचवतो. ती विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते, तिच्यात वॉटरमार्क येत नाही, मुदत संपत नाही आणि ३८४० बाय २१६० आकारापर्यंतचा व्हिडिओ सेकंदाला ६० फ्रेमांपर्यंत बाहेर काढता येतो. मॉर्फिंगच्या दृष्टीने तिच्यातली महत्त्वाची जागा म्हणजे फ्यूजन हे पान. तिथे ग्रिड वॉर्प नावाचा नोड (एक काम करणारा, दुसऱ्यांना जोडता येणारा ठोकळा) आहे, ज्याला स्रोत आणि लक्ष्य अशा दोन ग्रिड असतात. स्रोत ग्रिडच्या गाठी चित्रातल्या नाक-डोळ्यांवर आणून ठेवायच्या आणि लक्ष्य ग्रिडने त्या कुठे जायच्या ते सांगायचे. पहिल्या क्लिपला एक ग्रिड वॉर्प, दुसरीला दुसरा, आणि दोन्ही एका डिझॉल्व्ह नोडमध्ये सोडले की मॉर्फचा सांगाडा तयार झाला. यात चुकते ते नेहमी एकाच ठिकाणी: दोन्ही नोडांच्या लक्ष्य ग्रिड प्रत्येक क्षणी एकसारख्या असायला हव्यात, आणि नवशिके एका बाजूची गाठ सुधारून दुसऱ्या बाजूची सुधारायचे विसरतात. मग मधल्या फ्रेमवर पुन्हा चार भुवया दिसू लागतात. गाठी ओढताना ग्रिडच्या रेषा एकमेकींना ओलांडू देऊ नयेत. ओलांडल्या की तिथे चित्राची घडी पडते आणि नाकपुडीच्या जागी काळी चुणी दिसते.

मोफत आवृत्तीच्या मर्यादाही आधी माहीत असाव्यात. फ्यूजनमधला ऑप्टिकल फ्लोचा, म्हणजे पिक्सेलांची हालचाल शोधणारा, नोड आणि वेग बदलण्याची सर्वांत वरच्या दर्जाची पद्धत सशुल्क स्टुडिओ आवृत्तीसाठी राखलेली आहे. लिनक्सवरील मोफत आवृत्ती तर एच.२६४ स्वरूपातील व्हिडिओ उघडतच नाही, त्यामुळे फोनवरचे किंवा साध्या कॅमेऱ्याचे चित्रण आधी दुसऱ्या स्वरूपात बदलून घ्यावे लागते. स्टुडिओ आवृत्तीबद्दल एक चांगली गोष्ट अशी, की तिचे पैसे एकदाच भरावे लागतात, दरमहा नाही.

दुसरे साधन ब्लेंडर. हे त्रिमितीय कामासाठी ओळखले जाते, २००२ पासून ओपन सोर्स आहे आणि मॉर्फिंगच्या शोधात निघालेल्यांच्या नजरेतून बहुधा निसटते. त्याची रीत जरा आडवळणाची आहे, पण तिच्यात मॉर्फचे गणित जितके उघड दिसते तितके अन्य कुठे दिसत नाही, म्हणून ती सविस्तर सांगतो.

एक सपाट प्लेन घ्यायचे आणि त्याचे पुरेसे बारीक भाग करायचे. त्याच्या बिंदूंना पहिल्या चेहऱ्याच्या नाक-डोळ्यांवर बसवायचे. आता त्याच प्लेनला दोन यूव्ही मॅप, म्हणजे प्लेनवर चित्र कसे चिकटवायचे याचे नकाशे, द्यायचे: पहिल्या मॅपमध्ये प्रत्येक बिंदू पहिल्या चेहऱ्यावर कुठे आहे ते असते, दुसऱ्या मॅपमध्ये तोच बिंदू दुसऱ्या चेहऱ्यावर कुठे आहे ते. मग एक शेप की तयार करायची, जिच्यामुळे प्लेनचे बिंदू पहिल्या चेहऱ्याच्या मांडणीतून दुसऱ्याच्या मांडणीत सरकतात. मटेरियलमध्ये, म्हणजे पृष्ठभाग कसा दिसावा हे ठरवणाऱ्या जागी, दोन व्हिडिओ टेक्स्चर, प्रत्येकाला आपापला यूव्ही मॅप, आणि त्यांच्यामध्ये एक मिक्स नोड. शेप कीचा आकडा शून्यावरून एकावर नेला की आकार बदलतो, मिक्सचा आकडा शून्यावरून एकावर नेला की रंग बदलतो. दोन लक्ष्य ग्रिड जुळवण्याची कटकटच इथे उरत नाही, कारण प्लेन एकच आहे.

यात तीन गोष्टी जपाव्या लागतात. मटेरियल इमिशन (स्वतः उजळणाऱ्या) प्रकारचे ठेवावे, नाहीतर दृश्यातल्या दिव्यांची सावली चेहऱ्यावर पडते. कॅमेरा ऑर्थोग्राफिक ठेवावा, म्हणजे दूर-जवळचा फरक येत नाही. आणि रंगव्यवस्थापनात व्ह्यू ट्रान्सफॉर्म ‘स्टँडर्ड’ करावा, ब्लेंडर ४.० पासून आपोआप निवडलेला असतो तो एजीएक्स, आणि त्यात मूळ व्हिडिओचे रंग फिके पडलेले दिसतात. ही शेवटची गोष्ट माहीत नसल्यामुळे सगळे काम चांगले होऊनही पुष्कळ जण ब्लेंडरला रंग बिघडवणारे साधन म्हणून सोडून देतात. या रीतीची अडचण अशी, की यूव्ही मॅप कीफ्रेमने सहज हलवता येत नाही. म्हणून वर सांगितलेली डोळ्यांच्या आधारे स्थिर करण्याची पायरी इथे टाळता येत नाही, आणि जिथे माणूस मान पूर्ण वळवतो तिथे ही रीत अपुरी पडते. स्थिर करण्यासाठी लागणारे ट्रॅकिंग ब्लेंडरमध्येच आहे आणि ते खरोखर उत्तम आहे.

नॅट्रॉन हे तिसरे नाव सारखे कानावर येते. ते नोड पद्धतीचे ओपन सोर्स कंपोझिटिंग साधन, म्हणजे चित्रांचे थर एकत्र करणारे साधन, आहे. कॉर्नर पिन आणि नकाशावरून चित्र वाकवणारे नोड त्यात आहेत, पण चेहऱ्याच्या मॉर्फसाठी मी ते सुचवणार नाही.

व्यावसायिक दर्जाची स्प्लाइन पद्धत मोफत शिकायची असेल तर न्यूक या कंपोझिटिंग साधनाची अव्यावसायिक आवृत्ती आहे. तिच्यातला स्प्लाइन वॉर्प नोड चित्रपट उद्योगात वापरला जातो तोच आहे. अंतिम चित्राचा आकार १९२० बाय १०८० च्या पुढे जात नाही आणि त्यातून पैसे मिळवण्याचे काम करता येत नाही, हे मात्र तिच्या अटींतच आहे. विद्यार्थ्याला यासारखे दुसरे काही नाही.

जी साधने दिसतात एक आणि करतात दुसरे

इमेजमॅजिक या कमांडवर चालणाऱ्या मोफत साधनात मॉर्फ नावाचा पर्याय आहे. तो दोन चित्रांचे आकारमान सारखे करतो आणि त्यांच्यामध्ये डिझॉल्व्हच्या फ्रेम बनवतो. चेहऱ्यातले काहीही जुळवत नाही. त्याच इमेजमॅजिकमधला डिस्टॉर्ट हा पर्याय मात्र खरा वॉर्प आहे आणि बिंदूंच्या जोड्या दिल्या की तो त्यांच्याप्रमाणे चित्र वाकवतो. जीमिक या फ्रान्समध्ये विकसित झालेल्या मोफत साधनातला मॉर्फ मात्र दोन चित्रांमधला सरकाव स्वतः शोधतो. दोन चित्रे बऱ्यापैकी सारखी असतील तरच त्याचा निकाल पाहण्यासारखा असतो.

काही संपादन साधनांत मॉर्फ कट किंवा स्मूथ कट या नावाची ट्रान्झिशन असते. ती एकाच माणसाच्या मुलाखतीतला मधला अडखळता भाग कापल्यावर उरणारी उडी लपवण्यासाठी आहे. दोन्ही बाजूंना तोच चेहरा, तीच बैठक आणि तोच प्रकाश असतो हे ती गृहीत धरते, त्यामुळे दोन वेगळ्या माणसांमध्ये ती लावली तर चिखल होतो. ‘वॉर्प स्टॅबिलायझर’ तर कॅमेऱ्याची थरथर घालवतो. तो वॉर्पिंग करतो हे खरे, पण आपण सांगू तसे नव्हे. आणि प्रोजेक्टरने इमारतीवर किंवा कमानीवर चित्र टाकणाऱ्यांच्या जगात वॉर्पिंग म्हणजे प्रक्षेपित चित्र त्या पृष्ठभागावर नीट बसवणे. त्यांच्यासाठी मॅपमॅप आणि व्हीपीटी यांसारखी मोफत साधने आहेत. मॉर्फिंगसाठी त्यांचा उपयोग नाही.

आफ्टर इफेक्ट्स ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांनी नवे काही घेण्यापूर्वी त्यातला ‘रीशेप’ हा इफेक्ट पाहावा. एक मास्क (भागाभोवती काढलेली बंद रेषा) कुठून, दुसरा कुठे, आणि तिसरा कोणत्या सीमेच्या बाहेर काहीही हलू नये, असे तीन मास्क त्याला द्यावे लागतात, आणि दोन मास्कांवरचे जुळणारे बिंदूही जोडता येतात. हा इफेक्ट एका वेळी एकच आकार हाताळतो, त्यामुळे डोळे, ओठ, हनुवटी यांसाठी तो अनेकदा लावावा लागतो आणि संगणक मंदावतो. पण काम चांगले होते. केवळ मॉर्फसाठी मात्र त्याची दरमहा वर्गणी सुरू करण्यात अर्थ नाही.

विकतची खास साधने म्हणजे रीव्हिजन इफेक्ट्स या कंपनीचे री:फ्लेक्स हे प्लगइन आणि बोरिस एफएक्सचे सिल्हूएट. दोन्ही स्प्लाइनवर चालतात आणि दोन्ही या विषयातली जाणती साधने आहेत. री:फ्लेक्समध्ये हालचालीचा मागोवा घेऊन बरेचसे जुळवणे आपोआप करणारा प्रकारही आहे. फँटामॉर्फसारखी साधने यांच्या तुलनेत खूप स्वस्त असतात आणि स्थिर छायाचित्रांसाठी ती खरोखर सोयीची आहेत. पण ‘मॉर्फिंग सॉफ्टवेअर’ असा शोध घेतल्यावर तीच आधी समोर येत असल्याने चालत्या व्हिडिओच्या अपेक्षेने घेणाऱ्याची निराशा होते. विनमॉर्फ आणि स्क्विर्ल्झ मॉर्फ ही विंडोजवरची जुनी मोफत साधनेही अजून सापडतात. ती आजच्या संगणकावर चालली तर शिकण्यासाठी वापरावीत, पण मुदतीचे काम त्यांच्यावर सोपवू नये.

थोडे प्रोग्रॅमिंग येत असेल तर

पायथन येणाऱ्याला सर्वांत कमी खर्चाचा मार्ग ओपनसीव्ही या मोफत संग्रहातून जातो. प्रत्येक फ्रेमवर चेहऱ्याचे बिंदू आपोआप शोधायचे, त्या बिंदूंना जोडून चेहऱ्याचे त्रिकोण पाडायचे आणि एका चेहऱ्याचा प्रत्येक त्रिकोण दुसऱ्याच्या जुळत्या त्रिकोणावर बसवायचा. त्रिकोण पाडण्याच्या रीतीला डेलोने त्रिकोणीकरण म्हणतात. बिंदू शोधण्यासाठी डीलिब हा संग्रह चेहऱ्यावर ६८ बिंदू देतो आणि गुगलचा मीडियापाइप ४६८. म्हणजे ज्या हजार वेळांच्या श्रमांचा हिशेब वर मांडला, ते श्रम इथे यंत्र करते. डीलिबच्या ६८ बिंदूंच्या तयार मॉडेलबाबत एक बारीक अट आहे: ते ज्या छायाचित्रसंग्रहावर शिकवलेले आहे त्याच्या परवान्यात व्यावसायिक वापर बसत नाही. संग्रह मोफत आहे म्हणून मॉडेलही कुठेही वापरता येईल असे धरू नये.

या मार्गात दोन त्रुटी राहतात. आपोआप सापडलेले बिंदू फ्रेमागणिक एखाद-दोन पिक्सेल थरथरतात आणि मॉर्फमध्ये ती थरथर पाण्यातल्या प्रतिबिंबासारखी दिसते. शेजारच्या चार-पाच फ्रेमांची सरासरी घेतली की ती शांत होते. दुसरे म्हणजे केस, कान आणि मान यांच्यावर हे बिंदू येतच नाहीत. तिथे बिंदू हातानेच द्यावे लागतात, किंवा केसांचा भाग मास्कने वेगळा करून साध्या डिझॉल्व्हवर सोडावा लागतो.

गेल्या काही वर्षांत रायफ आणि फिल्म यांसारखी, दोन फ्रेमांमधल्या फ्रेम स्वतः बनवणारी न्यूरल नेटवर्क मोफत उपलब्ध झाली आहेत. रायफ २०२० मध्ये आले, गुगलचे फिल्म २०२२ मध्ये. एकाच माणसाच्या दोन जवळच्या मुद्रांमध्ये ती जे करतात ते पाहून थक्क व्हायला होते. पण दोन वेगळे चेहरे दिले की कुठला बिंदू कुठे जातो हे त्यांना ठरवता येत नाही, आणि आपल्यालाही सांगता येत नाही. म्हणून मी त्यांचा उपयोग मॉर्फ झाल्यानंतर, एखादी फ्रेम बिघडली असेल तर ती काढून तिच्या शेजारच्या दोन फ्रेमांवरून नवी बनवण्यापुरता करतो. चित्र चढवले की पूर्ण मॉर्फ परत देणाऱ्या ऑनलाइन सेवाही आहेत. तिथे दुसऱ्याचा चेहरा पाठवण्यापूर्वी त्या व्यक्तीची परवानगी घ्यावी आणि पाठवलेले चित्र सेवा किती काळ ठेवते ते वाचावे.

चित्रण करताना वाचणारा खर्च

सॉफ्टवेअरवर वाचवलेले पैसे चित्रणातल्या हयगयीने वाया जातात. दोन्ही माणसांचे चित्रण शक्यतो त्याच कॅमेऱ्याने, त्याच लेन्सने, त्याच उंचीवरून आणि त्याच बाजूने आलेल्या प्रकाशात करावे. एकाच्या डाव्या गालावर सावली आणि दुसऱ्याच्या उजव्या गालावर, असे झाले तर आकार कितीही नेमके जुळले तरी मध्यावर चेहरा मळकट दिसतो. पार्श्वभूमी एकच असेल तर ती वॉर्पमधून वगळून फक्त माणूस वाकवता येतो. नाहीतर मागची खिडकी आणि दाराची चौकट माणसाबरोबर लवते आणि फसवणूक तिथेच उघडी पडते. केस मागे बांधलेले असतील तर अर्धे काम हलके होते. फोनवर चित्रण केले असेल तर त्यातली फ्रेमांची गती बहुधा बदलती असते, आणि ट्रॅकर त्यामुळे फसतो. मोफत एफएफएमपेग हे रूपांतराचे साधन वापरून ती आधी ठरावीक करून घ्यावी आणि काम फ्रेमागणिक वेगळ्या पीएनजी फाइलींवर करावे. मॉर्फ जेवढा लांब तेवढ्या लांबीचा भाग दोन्ही क्लिपांत असायला हवा, कारण त्या काळात दोन्ही एकाच वेळी चालू असतात.

आणि वेळेचा एक मुद्दा, जो साधनांच्या चर्चेत राहूनच जातो. आकार आणि रंग एकाच गतीने बदलू नयेत. आकाराचा बदल पहिल्या फ्रेमपासून हळूच सुरू करावा आणि शेवटच्या फ्रेमपर्यंत चालू ठेवावा, रंगाचा बदल मात्र मधल्या एक-तृतीयांशातच उरकावा. ३० फ्रेमांच्या मॉर्फमध्ये आकार १ ते ३० बदलत राहील आणि रंग ११ ते २० मध्ये. त्यातही सगळा चेहरा एकदम न बदलता आधी हनुवटी आणि जबडा, मग डोळे, आणि सर्वांत शेवटी केस असे थोडे मागेपुढे ठेवले, तर पाहणाऱ्याची नजर एका जागी थांबून जोड शोधू शकत नाही. फ्यूजनमध्ये यासाठी प्रत्येक भागाला वेगळा मास्क आणि वेगळा डिझॉल्व्ह लागतो, ब्लेंडरमध्ये शेप की भागाभागाने वेगळ्या कराव्या लागतात.

काहीही विकत घेण्यापूर्वी, हातात असलेल्या साधनात आपल्याच दोन क्लिपांतील एका सेकंदाचे मॉर्फ करून पाहावे, आणि तेच सशुल्क साधनाच्या चाचणी आवृत्तीत पुन्हा करावे. चाचणीच्या चित्रावर वॉटरमार्क असला तरी पारखायला तो आड येत नाही. दोन्ही वेळा घड्याळ लावून वेळ मोजावा आणि मधली फ्रेम शेजारी शेजारी ठेवून पाहावी, विशेषतः नाकपुड्या, ओठांचे कोपरे आणि केस जिथे कपाळाला लागतात ती कड.